पिंपळ आणि राजा : धम्मातील शिस्त व करुणा

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची असे ठरले, तेव्हा ज्याला जे जमेल ते त्याने लिहावे असा आग्रह झाला. आमच्या वाट्याला इतिहासावरचा लेख आला. इतिहास म्हटला की सनावळ्या आल्या, आणि सनावळ्या वाचायला कोणाला आवडत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही ठरवले की आपल्याच विहारात उठलेला एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधायचे. तो प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच उपासक-उपासिकांना माहीत आहे. तरी नव्या पिढीसाठी तो पुन्हा सांगतो.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. बुद्ध पौर्णिमेची सकाळ. विहार भरलेला, पांढऱ्या साड्या, पांढरे कपडे, पुढच्या रांगेत लेकरे. त्रिशरण चालू असताना एक गृहस्थ दारू पिऊन दारात आले. पाय लटपटत होते, पण हात जोडलेले होते. दारू पिऊन विहारात यायचे नाही हा आपला नियम. आम्ही कार्यकर्ते तरुण होतो, उत्साहात होतो. दोघांनी त्यांचे दंड धरले आणि सगळ्यांदेखत बाहेर काढले. त्यांची बायको आणि दोन लेकरे पुढच्याच रांगेत बसली होती. मुलीने मागे वळून पाहिले आणि मान खाली घातली.

पुढच्या रविवारी त्या घरातले कोणी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षावास गेले. ग्रंथवाचनाच्या वेळी ज्या मुलीचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता, तीच यायची बंद झाली. कमिटीत वाद झाला. एक म्हणाले, नियम म्हणजे नियम, आज एकाला सोडले तर उद्या दहा येतील. दुसरे म्हणाले, अशाने विहारात फक्त शहाणी माणसेच उरतील. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजी बोलल्या, "नेम मोडू नोका, पन मानूसही मोडू नोका बाप्पा." त्यावर सगळे गप्प झाले. पण हे करायचे कसे, ते कोणालाच सांगता येईना.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात नावापुढे 'राजा' लागलेली तीन गावे आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खामगाव तालुक्यातले आपले पिंपळगाव राजा. त्यांत आपल्या गावाच्या नावात पिंपळही आहे आणि राजाही आहे. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष, ज्याच्या सावलीत बसायला कोणालाच मनाई नाही. राजा म्हटला की हुकूम आला, दंड आला. चार माणसांचे पुढारपण ज्याच्याकडे येते, त्याला ही दोन्ही कामे करावी लागतात. मग तो विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष असो, जयंती मंडळाचा कार्यकर्ता असो, नाहीतर घरचा कर्ता माणूस असो.

तथागतांचा संघ

भिक्खूंसाठी विनयाचे नियम आहेत हे आपण ऐकून असतो. पालि परंपरेत भिक्खूंचे 227 नियम सांगितले आहेत. हे ऐकले की वाटते, तथागतांनी एक दिवस बसून मोठी यादी तयार केली असावी. तसे मुळीच नाही. सुरुवातीला असे नियमच नव्हते. सारिपुत्तांनी नियम करण्याची विनंती केली, तेव्हा त्याची वेळ अजून आली नाही, दोष दिसू लागतील तेव्हा पाहू, असे तथागतांनी सांगितल्याचे विनयपिटकात आहे. पुढे एकेक प्रसंग घडत गेला, एकेक नियम होत गेला. आणि ज्याच्या वागण्यामुळे एखादा नियम करावा लागला, त्या पहिल्या माणसाला त्या नियमाखाली दोषी धरले नाही. त्याला चूक दाखवली, समजावले, खडसावलेही. पण जो नियम तेव्हा नव्हता, तो मोडल्याचा दोष त्याच्यावर कसा ठेवणार ?

आता राहुलची गोष्ट ऐका. आळवी येथे उपासक रात्री धम्म ऐकायला येत आणि तिथेच झोपत. नव्या भिक्खूंना झोपेत अंगावरच्या वस्त्राचे भान राहत नसे, कोणी बरळत, कोणी घोरत. लोक नावे ठेवू लागले. म्हणून नियम झाला की उपसंपदा न झालेल्या माणसाबरोबर भिक्खूने एका निवाऱ्यात झोपायचे नाही. नियम योग्यच होता. पुढे तथागत कोसंबीला आले. बरोबर राहुल होता, अजून लहान सामणेर. भिक्खू त्याला म्हणाले, नियम झाला आहे, आता तुझी झोपायची सोय तू पाहा. त्या पोराने वाद घातला नाही. तो रात्री शौचकूपात जाऊन झोपला. पहाटे तथागत तिकडे गेले आणि खाकरले. आतून राहुलही खाकरला. कोण आहे म्हणून विचारले, तर स्वतःचाच मुलगा.

तथागतांनी काय केले ? नियम रद्द केला नाही. माझ्या मुलाला तेवढी सूट द्या, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी नियमच दुरुस्त केला. उपसंपदा न झालेल्याबरोबर दोन-तीन रात्री राहायला हरकत नाही, त्याहून अधिक नको, असे सर्वांसाठी ठरवले. बंधूंनो, आम्हांला यात मोठी शिकवण दिसते. नियम लावल्यावर कोणाला बाहेर झोपावे लागले, हे त्यांनी स्वतः पाहिले. आम्ही मात्र त्या पौर्णिमेला आमचा नियम पाळून समाधानाने खीर वाटत बसलो.

दुसरा प्रसंग आजारी भिक्खूचा. त्याला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. का, तर तो कधी कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागत आणि आनंद फिरत फिरत तिथे पोहोचले. आनंदाने पाणी आणले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, मग दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. आधी हे काम झाले. मग संघाला एकत्र बोलावले आणि विचारणा केली. इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असा त्या बोलण्याचा आशय होता. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले. आणि तिथेच नियम घालून दिला की आजाऱ्याची सेवा करणे हे बंधन आहे, ते टाळले तर दोष लागेल. म्हणजे करुणा केवळ मर्जीवर सोडली नाही, तिला शिस्तीत बसवले. कोणाला वाटले तर करावे, असे ठेवले असते तर तो भिक्खू दुसऱ्यांदाही तसाच पडून राहिला असता.

तिसरा प्रसंग कोसंबीच्या भांडणाचा. क्षुल्लक कारणावरून भिक्खूंचे दोन तट पडले. तथागतांनी समजावून पाहिले, पण ऐकायला कोणी तयार नव्हते. तेव्हा ते रागावले नाहीत, कोणाला शाप दिला नाही. पात्र आणि चीवर घेऊन एकटे निघाले आणि पारिलेय्यकच्या वनात जाऊन राहिले. पुढचे काम कोसंबीच्या उपासकांनी केले. यांच्यामुळे तथागत निघून गेले, म्हणून त्यांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. भिक्खू ताळ्यावर आले, श्रावस्तीला गेले आणि भांडण मिटवले. शिस्त राखणे हे एकट्या पुढाऱ्याचे काम नसून साऱ्या समूहाचे आहे, हे कोसंबीच्या साध्या गृहस्थांनी दाखवून दिले.

राजाचा दंड

आता राजाकडे वळू. सम्राट अशोकाने इ. स. पूर्व 261 च्या सुमारास कलिंगचे युद्ध जिंकले आणि त्यात झालेल्या संहाराचे दुःख आपल्या शिलालेखात कोरून ठेवले, हे आपण जाणतो. पण त्याच कलिंगात, ओडिशातील धौली येथे, अधिकाऱ्यांना उद्देशून कोरलेला एक वेगळा लेख आहे. तो प्रत्येक पुढाऱ्याने वाचावा असा आहे. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, असे सांगून राजा न्याय करणाऱ्या अधिकाऱ्यांना बजावतो की कारणाशिवाय कोणाला बंधन किंवा छळ होऊ देऊ नका. मत्सर, राग, कठोरपणा, उतावीळपणा आणि आळस यांच्यामुळे न्याय बिघडतो, हे दोष स्वतःत येऊ देऊ नका, असे तो सांगतो. कठोर नसलेला अधिकारी दर पाच वर्षांनी पाहणीला पाठवण्याचीही त्यात तजवीज आहे.

अशोकाने दंड सोडला नव्हता. देहदंडाची शिक्षाही त्याच्या राज्यात होती. मात्र अशा कैद्यांना शिक्षेपूर्वी तीन दिवसांची मुदत द्यावी, अशी आज्ञा त्याने स्तंभलेखात दिली. एवढे मोठे साम्राज्य, तरी दोष शोधताना त्याने आधी आपल्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवले. आमच्या बाबतीत बोलायचे तर त्या लेखातला 'उतावीळपणा' हा शब्द आम्हांला फार लागला. त्या सकाळी आम्ही एक मिनिट थांबून विचार केला नव्हता.

महाडची कसोटी

राजाजवळ निदान फौज असते, तुरुंग असतो. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही आणि मागे हजारो दुखावलेली माणसे आहेत, त्याने शिस्त कशी राखायची ? याचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांनी 1927 साली महाडला दिले.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण हे सारे कागदावरच राहिले. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला परिषद भरली. पहिल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्याच लोकांना कडक शब्दांत सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा, स्वाभिमानाने राहा. दुसऱ्या दिवशी सारे जण रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्यानंतर गावात अफवा उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मंडपावर आणि रस्त्यात गाठलेल्या माणसांवर तुटून पडला. जेवणाच्या पंगतीत माती कालवली गेली. कित्येकजण जखमी झाले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डाक बंगल्यावर बाबासाहेबांभोवती आपली माणसे जमली. त्यांच्यात पलटणीत नोकरी केलेले होते, लढाई पाहिलेले होते. हातात काठ्या होत्या, डोळ्यांत रक्त उतरले होते. ते फक्त शब्दाची वाट पाहत होते.

बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. हात उचलायचा नाही, असे त्यांनी बजावले. आपल्या मारलेल्या माणसांना 'तू उलट मारू नकोस' असे सांगण्याइतके कठीण काम दुसरे नाही. वरवर पाहिले तर ते कठोर वाटते. पण त्या रात्री मारामारी झाली असती तर दुसऱ्या दिवशी काय झाले असते ? आलेली माणसे खेड्यापाड्यांतली होती, आपापल्या गावी दोन-चार घरांनी राहणारी. सूड त्यांच्या म्हाताऱ्यांवर, बायालेकरांवर उगवला गेला असता. खटले आपल्यावरच झाले असते. बाबासाहेबांना ती दूरची घरे दिसत होती. त्यांनी कायद्याची वाट धरली. जून 1927 मध्ये हल्लेखोरांपैकी पाचजणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

गोष्ट इथे संपली नाही. तळे 'बाटले' म्हणून पंचगव्याचे घडे ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. म्हणून 25 डिसेंबर 1927 रोजी दुसरी परिषद भरली. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. लोक पुन्हा तळ्यावर जायच्या तयारीने आले होते, तुरुंगात जायला तयार होते. पण विरोधकांनी आधीच दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. आता काय करायचे ? बाबासाहेबांनी हुकूम सोडून विषय संपवला नाही. प्रश्न परिषदेपुढे ठेवला, लोकांना बोलू दिले, बाजू समजावून सांगितल्या. अखेर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोकांची मने खट्टू झाली. म्हणून पाण्याला न शिवता मिरवणूक निघाली आणि तळ्याला वळसा घालून शिस्तीने परत आली. पुढे सभेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. नेसण्याची, राहण्याची जुनी हीनपणाची खूण टाका, मुलींना शिकवा, असे एखाद्या घरच्या वडीलधाऱ्यासारखे सांगितले.

तो खटला वर्षानुवर्षे चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला, आणि तो आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे कळ काढावी लागली. दरम्यान, मे 1929 मध्ये बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात पातुर्डा येथे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या परिषदेला येऊन गेले होते. महाड म्हणजे कुठेतरी लांब कोकणातली हकीगत, असे आपल्या भागातल्या लोकांना वाटू नये, म्हणून ही आठवण मुद्दाम नोंदवतो.

आधी स्वतः, मग इतरांना

14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा सोहळा सर्वांना पाठ आहे. तरी त्यातला क्रम एकदा नीट पाहावा. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील आधी स्वतः घेतले. त्यानंतर लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांत चोरी, खोटे बोलणे, दारू यांना स्पष्ट मनाई आहे. त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे, आणि प्रज्ञा, शील, करुणा यांची सांगड घालून जगण्याचेही आहे. आम्ही पौर्णिमेच्या दिवशी दारूची प्रतिज्ञा लक्षात ठेवली आणि करुणेची विसरलो. एकाच दमात म्हटलेल्या प्रतिज्ञांतल्या आपल्याला सोयीच्या तेवढ्या पाळायच्या, ही शिस्त नव्हे.

आणि आणखी एक खरे सांगायचे तर, ज्या दोघांनी त्या गृहस्थांना बाहेर काढले, त्यांतला एकजण स्वतः लग्नाच्या वरातीत कधीमधी 'घेत' होता. हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या गृहस्थांनाही ठाऊक होते. मग नियमाचा मान कसा राहणार ?

पुढे काय झाले

आजींच्या बोलण्यानंतर आणि वर्षावासात या प्रसंगांचे वाचन झाल्यानंतर कमिटीने बसून विचार केला. नियम रद्द केला नाही. दारू पिऊन विहारात प्रवेश नाही, हे आजही कायम आहे. पण त्याला तीन गोष्टी जोडल्या. पहिली, हा नियम कमिटीच्या सभासदांना आधी लागू, आणि विहाराबाहेरही लागू. दुसरी, कोणी तशा अवस्थेत आलाच तर अंगाला हात न लावता दोन वडीलधाऱ्यांनी त्याला बाजूला न्यायचे, पाणी द्यायचे आणि घरापर्यंत सोडायचे. लेकरांसमोर एक शब्द बोलायचा नाही. तिसरी, दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, कमिटीतल्या कोणीतरी त्याच्या घरी चहा प्यायला जायचे.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. पहिल्या वेळी दार उघडले, पण बसा म्हटले नाही. दुसऱ्या वेळी त्यांच्या बायकोने चहा टाकला. आम्ही म्हणालो, "बाई, चूक आमची झाली." तिने उत्तर दिले नाही, फक्त पदराने डोळे पुसले. त्या महिन्याच्या पौर्णिमेला ती दोन्ही लेकरांना घेऊन आली. मुलगी आता मोठी झाली आहे आणि ग्रंथवाचनात तिचाच आवाज पुन्हा खणखणीत लागतो. गृहस्थांची दारू पुरती सुटली, असे लिहिले तर ते खोटे होईल. कधी सुटते, कधी लागते. पण शुद्धीवर असले की ते येतात, सतरंज्या अंथरतात, चपला नीट रांगेत लावतात. नसले की येत नाहीत. हा नियम त्यांना कोणी घातलेला नाही, त्यांनी स्वतःच घालून घेतला आहे.

त्या आजी आज हयात नाहीत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्हांला सापडले, असा आमचा दावा नाही. उद्या वर्गणी न देणारा कोणी असेल, मिरवणुकीत रांग मोडणारा तरुण असेल, उशिरा येणारा असेल, भांडणारा असेल. प्रत्येक वेळी नियमाची वही उघडावी लागेल. ती उघडण्याआधी राहुल कुठे झोपला आहे हे एकदा पाहून यावे, एवढीच विनंती या वर्धापनदिनी आपल्या सर्वांना, आणि सर्वांत आधी स्वतःला, आम्ही करतो.

भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !